बांधाच्या आत समुद्र

बुदैया रस्ता, बहरैन
१३ ऑक्टोबर १९७८

तीर्थरूप गोदाताई,

शंभूचा दंडवत. पत्राला उशीर झाला म्हणून आधी शिव्या देऊन घे, मग पुढे वाच.

सलमाबादचं वर्कशॉप सोडलं. पळालो नाही, रीतसर आलो. हाजी मक्की नावाचे एक म्हातारे बागायतदार जळका पंप घेऊन वर्कशॉपात आले होते. पंप दुरुस्त करता करता मी त्यांना सांगितलं की मी खारेपाटातला, समुद्राला बांध घालून भात पिकवणाऱ्यांच्या घरचा. त्यांनी पंपाबरोबर मलाही उचललं. माझा व्हिसा आता त्यांच्या नावावर आहे आणि मी त्यांच्या खजुराच्या बागेत राहतो. पत्र्याची खोली नाही, झावळ्यांची आहे. वाळवंट म्हणून आलो होतो ताई, इथे उत्तरेच्या किनाऱ्याला आपल्या नारळीपोफळीसारखी दाट सावली आहे. हाजी सांगतात, बहरैन म्हणजे दोन समुद्र. एक खारा, डोळ्यांना दिसणारा, आणि एक गोडा, जमिनीखालचा. तो गोडा समुद्र जागोजाग झरा होऊन वर येतो. गावच्या झऱ्यात पोरं उड्या मारतात, बायका कपडे धुतात, आणि मग ते पाणी पाटाने बागांना जातं.

गावातल्या बागवाल्यांनी मिळून माती-पाणी मंडळ काढलं आहे. महिन्याला सभा भरते, शुक्रवारी सगळे मिळून पाट उपसतात, शाळेतल्या मुलांच्या हातून रोपं लावून घेतात. मी मंडळाचा फिरता माणूस. सायकलवरून बागा हिंडायच्या, पंप बघायचे, कुठे पाट फुटला तर ओरडायचं. सरकारी खात्याने मंडळाला एक कारकून दिला आहे, लतीफ. आपल्या रत्नागिरीकडचा, शहरात हूऱ्याला राहतो. अरबी असं बोलतो की हाजीही मान डोलावतात. शुक्रवारी माझ्याकडे येतो, आम्ही मासळीचं कालवण करतो.

आता कामाचं. बागेच्या जमिनीवर खाराची पांढरी साय धरायला लागली आहे. तीच, उधाण शिरलेल्या खाचरावर येते तशी. झावळ्यांची टोकं करपतात. लतीफचं खातं म्हणतं, पंप निम्मे करा. हाजी म्हणतात, तहानलेल्या झाडाचं पाणी तोडायला सांगणारा माणूस शहाणा कसा? त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शंभू, येत्या हंगामात बाग सावरली तर सावरली. नाहीतर मुलगे ही जमीन बिल्डिंगवाल्याला देणार. मी त्यांना थांबवू शकणार नाही." आजोबाच्या हातची झाडं आहेत ती. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, झाडाकडे पाहिलं.

तू सांग. खार कसा काढायचा हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

तुझा,
शंभू


खारेपाट
९ नोव्हेंबर १९७८

चिरंजीव शंभू,

अनेक आशीर्वाद. शिव्या राखून ठेवल्या आहेत, गावी आलास की एकदम देईन.

तुझं पत्र वाचलं आणि अंगात वीज फिरली. पंप निम्मे करा! जमिनीला खार चढला की तिला उपाशी ठेवा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे? इथेही तेच. खात्याचे साहेब जीपने येतात, बांधावर उभे राहून नकाशा उलगडतात आणि मला विचारतात, बाई, समुद्र कुठल्या बाजूला आहे? मी म्हटलं, साहेब, तुमच्या पाठीशी. घाबरून दोन पावलं सरकले.

तू विचारलंस म्हणून तुला, आणि तुझ्या त्या सगळ्या बागवाल्यांना सांगते. हे पत्र तुझ्या सभेत वाचून दाखव. लतीफला म्हणावं, बहिणीचा शब्द आहे, पातळ करू नकोस.

भावांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि मी तुमची बाग पाहिलेली नाही. पण समुद्राशी माझं भांडण जुनं आहे. आमच्याकडे बांधाला खांड पडली की हाक जाते आणि घरटी एक माणूस निघतो. त्याला आम्ही जोळ म्हणतो. माझं शेत खांडीपासून लांब आहे, असं कोणी म्हणत नाही. जो म्हणेल त्याच्या घरी सोयरीक होत नाही. चिखलाच्या ढेपा छातीशी धरून माणसं ओळीने उभी राहतात आणि समुद्राच्या तोंडात माती कोंबतात. एवढं करूनही तो शिरतोच. शिरला म्हणून आम्ही शेत सोडलं का? नाही! पाऊस आला की खाचरं काठोकाठ भरतो, पाणी मुरवतो, खार विरघळतो, बांधातल्या उघाडीचं दार उचलून तो सगळा समुद्राच्या अंगावर परत फेकतो. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या पाण्याला जमीन आमची होते.

तुमच्याकडे पाऊस नाही, पण पायाखाली गोडा समुद्र आहे! मग कंजूषपणा कोणासाठी? पाणी द्या. आळी भरा, वाफे भरा, खार धुऊन काढा. एकाने नको, सगळ्यांनी. जमीन कागदाने राखली जात नाही, हाताने राखली जाते. पाणी तोडणारा तुमचा मित्र नाही, मग तो साहेब असो की सख्खा भाऊ. पाणी द्या!

शंभू, एक गोष्ट तुझ्यापुरती. परवाच्या उधाणाला हाक दिली तर घरटी बाई आली. पुरुष सगळे तुमच्याकडे, आखातात. आम्ही खांड भरली, काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


बुदैया रस्ता
२४ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप ताई,

तू इथे नाहीस हे बरं आहे. असतीस तर तुला खांद्यावर घेऊन गावभर मिरवली असती.

सभा हाजींच्या अंगणात होती. लतीफने पत्र आधी एकट्याने वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसला. म्हणाला, "शंभू, हे मी वाचू नये असं मला वाटतंय."

"का? शिव्या आहेत म्हणून?"

"शिव्या चालतील रे. बाई बोलते भारी, हीच तर पंचाईत आहे. तुमच्याकडे समुद्र वरून येतो, बांध ओलांडून. इथे वरून आलेला नाही."

"मग कुठून आला? विमानातून?"

तो हसला नाही. पण सभेत अरबीत वाचलं त्याने. कोरड्या आवाजात, शब्दाला शब्द लावून वाचलं. एक अक्षर पातळ केलं नाही, हे मी शपथेवर सांगतो, कारण समोरच्यांचे चेहरे मी बघत होतो. घरटी एक माणूस निघतो, हे आलं तेव्हा माना हलल्या. ढेपा छातीशी धरल्या तेव्हा एक म्हातारा मोठ्याने काहीतरी म्हणाला आणि सगळे तेच म्हणाले. आणि तिसऱ्या पाण्याला जमीन आमची होते, तिथे हाजी मक्की उभेच राहिले. "या बाईला जमीन कळते," एवढंच बोलले. सभा संपली.

पुढच्या शुक्रवारी गावातला यच्चयावत माणूस फावडं घेऊन हजर. ज्या दोन भावांचं पाटावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, ते एका वाफ्यात चिखलात उभे. यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, नुसता गजर. आपली जोळ जशीच्या तशी, ताई, फक्त डोक्याला रुमाल. आता पंप दिवसभर चालतात. पहिलं पाणी झालं, दुसरं झालं. पांढरी साय गेली! खाली कोवळं गवत आलंय आणि झाडांना तुरे लागलेत. हाजी रोज सकाळी झाडांवर हात फिरवत हिंडतात. मुलगे बिल्डिंगवाल्याचं नाव काढत नाहीत.

दुसऱ्या गावची माणसं येऊन तुझं पत्र उतरवून घेऊन गेली. अरबीतलं. एकाने विचारलं, ही बाई वकील आहे का? मी म्हटलं, सातवी पास आहे, पण वकील तिला घाबरतात.

पाणी थोडं जड लागतं अलीकडे, पण ते पंप जुना झाल्यामुळे असेल. लतीफ मात्र शुक्रवारी यायचा थांबलाय. कामं आहेत म्हणतो.

तुझा,
शंभू


खारेपाट
२ एप्रिल १९७९

चिरंजीव शंभू,

तुझं पत्र मी देवळासमोर मोठ्याने वाचलं. परक्या मुलखात, परक्या भाषेत आपली जोळ उभी राहिली! ज्यांना वाटतं की गोदा नुसती बडबडते, त्यांना मी म्हटलं, समुद्रापलीकडे जाऊन विचारा. लतीफवर चिडू नकोस. हरलेल्या माणसाला जेवायला बोलवावं. तिसरं पाणी सोडलंत की तोही येईल.

इकडे एक कटकट आहे. बांधाच्या आत, वरच्या अंगाला, कोंबड्यांच्या शेडसाठी एकाने गेल्या वर्षी खोल विहीर मारून इंजिन बसवलं. आखाताचाच पैसा. पाणी गोड होतं, सगळा पाडा तिथून भरायचा. आता शेजारची रत्नाबाई म्हणते, "गोदे, त्या पाण्यात डाळ शिजत नाही. तासभर चुलीवर ठेव, दाणा तसाच टणक." मी तिला हसले. मग स्वतः ठेवून पाहिली. शिजली नाही.

म्हणजे पाण्यात खार उतरलाय, म्हणजे बांधाला कुठेतरी भोक आहे. खेकड्याचं बीळ असणार. ती जात अशीच, वरून बांध ठणठणीत आणि आतून पोकळ. आम्ही बायकांनी बाहेरकाठा, समुद्राकडचा सगळा बांध, वीतवीत तपासायला घेतलाय. सापडेल. समुद्र माझ्या डोळ्यांदेखत आत यावा आणि मला दिसू नये, असं अजून झालेलं नाही.

बागवाल्यांना सांग, अर्ध्यावर थांबू नका.

तुझी,
ताई


बुदैया रस्ता
२१ मे १९७९

तीर्थरूप ताई,

तिसरं पाणी झालं. चौथंही झालं. तू तीन म्हणाली होतीस, पण हाजींना थांबवत नाही.

काय लिहू? खार परत आलाय. आधी साय होती, आता पापडी आहे, चाललं की पायाखाली मोडते. कोवळं गवत एका आठवड्यात पिवळं पडलं. झाडांना फळ धरलंय, पण घडाचा देठ सुकतो आणि हिरवी फळं टपटप पडतात. दिवसभर तो आवाज येतो. माणूस वाक्याच्या मध्ये थांबतो, एक फळ पडतं, मग तो पुढे बोलतो.

गावचा झरा खाली गेलाय. पोरं आता उडी मारत नाहीत, तळ लागतो. कपडे धुवायच्या पायऱ्या कोरड्या पडल्यात, तरी बायका सवयीने तिथेच बसतात, पाणी बादलीने वर ओढतात. हाजी सांगत होते, त्यांच्या लहानपणी समुद्राच्या तळाशीसुद्धा गोडं पाणी उसळायचं. मोतीवाले बुडी मारून पखाली भरून आणायचे. गेल्या आठवड्यात ते मला ओहोटीला तिथे घेऊन गेले. वाळू सपाट होती. हाजी गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "चुकीच्या जागी आलो असेन." ताई, त्या माणसाला ती जागा डोळे मिटून सापडते.

मी लतीफकडे हूऱ्याला गेलो. जेवायला बोलवायलाच गेलो होतो, तुझ्या सांगण्यावरून. तो म्हणाला, "किती पंप चालू आहेत सध्या?"

"सगळे."

"दिवसभर?"

"ताईने सांगितलंय."

"ताईला लिही," म्हणाला, "आणि तिला एकच विचार. तुमचा पाऊस वरून येतो, तो खार धुतो. आम्ही ज्याने धुतोय, ते पाणी कुठून येतं? आणि ते काढलं, की त्याच्या जागी काय येतं?"

मला राग आला. मी वाईट बोललो. ऑफिसची खुर्ची उबवणारा म्हणालो. त्याची बायको ताहेरा पडद्याआडून बाहेर आली आणि ताट उचलून आत घेऊन गेली. मी अजून जेवलो नव्हतो.

ताई, बांधातलं भोक सापडलं का? लवकर लिही. हाजी रोज विचारतात, बहीण काय म्हणते?

तुझा,
शंभू


खारेपाट
१५ जून १९७९

शंभू,

उभ्या उभ्या लिहितेय. हे पत्र मिळेल त्या क्षणी पंप बंद करा. पुढचं नंतर वाच.

भोक नाही. बाहेरकाठा या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने चाचपला. माझे आणि रत्नाबाईचे दोघींचे हात फुटले. उघाडीचं दार घट्ट. बांध असा मजबूत माझ्या आयुष्यात नव्हता. आणि तरी आत विहीर खारी!

मग ते इंजिन बिघडलं. सुटा भाग मुंबईहून यायचा म्हणून वैशाखभर बंद पडलं. आणि विहिरीचं पाणी हळूहळू गोडावलं. भर उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना! रत्नाबाईने डाळ शिजवून माझ्यासमोर ठेवली. भाग आला, इंजिन सुरू झालं, दहा दिवसांत पुन्हा दाणा टणक. मी विहिरीच्या काठावर बसून राहिले. समोर माझा बांध, आणि समुद्र माझ्या बुडाखाली.

तो वरून आलाच नाही, शंभू. गोडं पाणी त्याला खाली दाबून धरत होतं. आपण ते उपसलं आणि त्याला वाट करून दिली. तुम्ही खार धुत नव्हतात. तुम्ही समुद्राला घरात ओढून घेत होतात, माझ्या शब्दावर, एकजुटीने, दिवसभर.

लतीफचं खरं आहे. त्याचे पाय धर. आता माझं हे त्याच सभेत, त्याच अंगणात वाच.

भावांनो, मी गोदा, शंभूची बहीण. पाणी द्या म्हणणारी मीच होते. आज सांगते, हात आवरा. ज्या गोड्या समुद्राचा मी तुम्हाला खजिना म्हणून हवाला दिला, तो खजिना नव्हता, तो बांध होता. तुमचे आजे-पणजे झऱ्याचं पाणी येईल तेवढंच घेत होते, ओढून काढत नव्हते. ते गरीब म्हणून नव्हे, ते बांध राखत होते म्हणून. आम्ही बांधाची माती कधी विकली नाही. तुम्हीही तुमचा बांध उपसू नका. एकाने नको, सगळ्यांनी. एकही इंजिन चालू राहिलं तर बाकीच्यांचं थांबणं फुकट आहे. झाडं तहानेने रडतील. रडू द्या. तहानलेलं झाड वाचतं, खार प्यालेलं वाचत नाही. मी चुकले. माझ्या चुकीवर तुम्ही जोळ उभी केलीत, आता माझ्या शहाणपणावर ती एकदा उभी करा!

शंभू, मी इथल्या इंजिनवाल्याच्या दारात धरणं धरून बसणार आहे. तुझं उत्तर येईतो मला चैन नाही.

ताई


बुदैया रस्ता
३० सप्टेंबर १९७९

तीर्थरूप ताई,

उत्तराला तीन महिने लावले. लिहायला बसायचो आणि उठायचो.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी लतीफकडे पळालो. पाय धरायची पाळी आली नाही, त्याने दारातच हात धरला. पत्र वाचून तो खुर्चीवरून उठला. "शंभू," म्हणाला, "ही बाई मंत्री का नाही?" ताहेराने मला वाढलं.

शुक्रवारी अंगण भरलं होतं. मागच्यापेक्षा जास्त माणसं, आजूबाजूच्या गावांतलीही. लतीफने वाचायला सुरुवात केली. ताई, चूक तिथेच झाली आणि ती त्याच्याही हातात नव्हती. पहिल्या वेळी तो कोरड्या आवाजात वाचत होता, कारण त्याला ते पटत नव्हतं. या वेळी त्याचा आवाज चढला. डोळे चमकत होते. वर्षभर तो जे सांगून थकला होता ते तुझ्या तोंडून येत होतं आणि त्याला आनंद लपवता आला नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "हे बाईने लिहिलेलं नाही. हे खात्याने लिहिलंय."

आणि खात्याने त्याच आठवड्यात पंपांना मीटर बसवण्याची नोटीस लावली होती. झालं. लतीफने कागद वर धरला, पण मराठी वाचणार कोण? शेवटी मी उठलो. माझं अरबी तुला माहीत आहे, बाजारातलं. म्हटलं, पंप खलास, खाली समुद्र, खारा, बहिणीचा शब्द खरा. लोक हसले. हाजी मक्की हसले नाहीत. ते मला फार मायेने म्हणाले, "बस खाली, शंभू. खाली समुद्र आहे, तो गोडा आहे. हे आमच्या पोराटोरांनाही माहीत आहे. लतीफ तुझा दोस्त आहे, म्हणून तू बोलतोस. तुझ्या बहिणीला मी ओळखतो. ती माणसाला पाणी तोडायला सांगणार नाही."

"हाजी, तिनेच लिहिलंय."

"ती 'मी चुकले' म्हणेल? जी बाई समुद्राच्या तोंडात माती कोंबते?"

लतीफने कागदाची घडी केली आणि तो चालत मोटारीकडे गेला. महिन्याभरात खात्याने त्याची बदली केली. लोकांचा विश्वास नाही, असं कारण दिलं.

तुझं पहिलं पत्र आता किनाऱ्याच्या सगळ्या गावांत आहे. एका ठिकाणी ते पाटाच्या तोंडाशी फळीवर चिकटवलेलं मी पाहिलं. दुसरं कोणी उतरवून घेतलं नाही.

बागेत खजूर झाला नाही म्हणायला हरकत नाही. मुलगे सह्या मागतात, हाजी देत नाहीत. म्हणतात, पाणी कमी पडलं. म्हणून त्यांनी नवा पंप आणलाय, जुन्याच्या दुप्पट ताकदीचा, आणि विहीर आणखी खोल नेली. बसवला मीच. व्हिसा त्यांच्या नावावर आहे हे एक कारण झालं, पण तेवढंच नाही. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा माणूस आणला असता, आणि मी निदान दुपारी तासभर चोरून बंद तरी ठेवतो.

गावाने त्या पंपाला नाव ठेवलंय. मस्करी नाही, प्रेमाने, मानाने ठेवलंय. 'शंभूची बहीण' म्हणतात. सकाळी हाजी पायरीवर येऊन बसतात, झाडांकडे बघतात आणि हाक मारतात, "यल्ला शंभू, बहिणीला उठव."

मी जातो, ताई, आणि तुला सुरू करतो.

शंभू